शून्यात लागलेली नजर इंग्रजीत कशी लिहायची?

तुमच्या कथेतला प्रसंग थोडक्यात असा: बहीण नव्या कॉलेजबद्दल भरभरून बोलतेय. भाऊ समोर बसलाय. त्याची नोकरी त्याच दिवशी गेलीय आणि घरात कुणाला अजून पत्ता नाही. मराठी मसुद्यात तुम्ही 'त्याची नजर शून्यात लागली होती' असं लिहून मोकळे झालात. इंग्रजीत 'ही हॅड ॲन ॲबसेंट-माइंडेड गेझ' असं लिहिलंत आणि ते तुम्हालाच खटकतंय. 'व्हेकंट', 'ब्लँक', 'ग्लासी' यांतला फरकही तुम्ही विचारलाय, आणि बहिणीच्या तोंडी 'कुठे हरवलास?' हे कसं घालायचं तेही.

खटकतंय ते बरोबरच आहे. 'ॲबसेंट-माइंडेड' हा शब्द माणसाच्या स्वभावाला जास्त चिकटतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा, पत्र लिहून पाकिटात घालायला विसरणारा माणूस ॲबसेंट-माइंडेड. म्हणजे आपला विसरभोळा, वेंधळा. त्यात एक मायेचं हसू दडलेलं असतं. नोकरी गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते लावलं की प्रसंग अकारण हलका होतो. याच शब्दाचं क्रियाविशेषण मात्र कामाचं आहे: 'ॲबसेंट-माइंडेडली' पेनचं टोपण उघडबंद करणं, कान खाजवणं. तिथे तो स्वभाव सांगत नाही, लक्ष नसताना हाताने केलेली गोष्ट सांगतो. नजरेसाठी नुसतं 'ॲबसेंट' चालतं ('ॲन ॲबसेंट लुक'), आणि 'ॲबसेंटली' तर फारच उपयोगी.

मराठीत 'नजर शून्यात' म्हटलं की त्यात शोक मावतो, थकवा मावतो, प्रेमात पडलेला मावतो आणि गणित सोडवणाराही मावतो. उरलेलं वाचक प्रसंगावरून भरून घेतो. इंग्रजीतले शब्द इतके मोकळे नाहीत. त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द मन कुठे गेलंय याचा काहीतरी निकाल देऊन टाकतो, आणि बरेचसे शब्द बघणाऱ्याचं मतही सांगून जातात. म्हणून भाषांतर करताना किंवा इंग्रजी मसुदे तपासताना मी कोश उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवते. चित्त थाऱ्यावर नाही ते कशामुळे? आणि हा चेहरा कुणाच्या डोळ्यांतून दिसतोय? एवढं ठरलं की पंधरा समानार्थी शब्दांतले बारा आपोआप गळतात.

आधी एक मोठा गोंधळ दूर करू. 'डिस्ट्रॅक्टेड' आणि 'ॲबसेंट' या दोन नजरा वेगळ्या आहेत. 'डिस्ट्रॅक्टेड' माणसाचं लक्ष दुसरीकडे ओढलं जात असतं, म्हणून त्याचे डोळे बहुधा हलते असतात. दाराकडे, फोनकडे, पुन्हा समोर. आपण ज्याला भिरभिरती नजर म्हणतो, ती बऱ्याचदा हीच. 'ॲबसेंट' नजर थांबलेली असते. व्युत्पत्तीत ही गंमत छान दिसते. लॅटिनमधल्या 'ओढणे' या एकाच धातूपासून 'डिस्ट्रॅक्टेड' आणि 'ॲब्स्ट्रॅक्टेड' हे दोन्ही आले. पहिल्यात मन वेगवेगळ्या दिशांना ओढलं गेलेलं, दुसऱ्यात एका जागेपासून दूर ओढून नेलेलं. पूर्वीच्या इंग्रजीत 'डिस्ट्रॅक्टेड' म्हणजे वेडापिसा असाही अर्थ होता. 'ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन' या प्रयोगात तो अजून शिल्लक आहे. तेव्हा तुमचा भाऊ एकटक समोर बघत असेल तर 'डिस्ट्रॅक्टेड गेझ' नको. तो सारखा दाराकडे बघत असेल तर हरकत नाही.

'ॲब्स्ट्रॅक्टेड' पुस्तकी आहे, पण नेमका आहे. माणूस कुठल्यातरी विचारात इतका गढलाय की आजूबाजूचं जग पुसलं गेलंय. त्यात दुःख असेलच असं नाही. सिद्धान्ताच्या मागे लागलेला संशोधक, मनातल्या मनात डाव मांडणारा बुद्धिबळपटू, यांना तो शोभतो. काळजी असेल तर 'प्रीऑक्युपाइड' घ्या. मनात आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलंय आणि नव्या गोष्टीला जागा नाही, असा त्याचा भाव. तुमच्या भावाला कारणाच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा शब्द हाच. पण तो नजरेपेक्षा माणसाला जास्त लागतो. 'ही सीम्ड प्रीऑक्युपाइड' हे सहज वाटतं, 'प्रीऑक्युपाइड आईज' अवघडल्यासारखं.

आता तुमचं त्रिकूट.

'व्हेकंट' म्हणजे रिकामं. ज्या शब्दाने रिकामी खोली सांगतात, तोच. मन दुसरीकडे गेलंय असं तो म्हणत नाही. आत कुणी राहतच नाही, असं म्हणतो. म्हणून आजच्या वापरात 'अ व्हेकंट लुक' मध्ये बुद्धीवर शंका घेतल्याचा वास येतो, नाहीतर आजार, धक्का, नशा यांनी माणूस पोकळ झाल्याचा. पूर्वी तसं नव्हतं. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल फुलांच्या कवितेत (प्रथम प्रसिद्धी १८०७) 'व्हेकंट' आणि 'पेन्सिव्ह' या दोन मनःस्थिती शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि कुणाचाही अपमान झालेला नाही. ती कविता शाळेत पाठ केलेले लोक 'व्हेकंट' ला काव्यमय समजतात आणि नायिकेला बिनदिक्कत लावतात. आजच्या वाचकाला ती नायिका मंद वाटते. 'व्हॅक्युअस' तर सरळ शिवीच्या जवळ जातो, तो प्रेमाच्या माणसाला लावूच नये.

'ब्लँक' चं मूळ 'पांढरं' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. कोरा कागद डोळ्यांसमोर आणा. चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही. पण 'ही गेव्ह मी अ ब्लँक लुक' याचा पहिला अर्थ 'त्याला काही कळलंच नाही' असा होतो. तुम्ही प्रश्न विचारलात आणि समोरचा ढिम्म बघत राहिला, तो ब्लँक लुक. यात लक्ष आहे, बोध नाही. तुमच्या प्रसंगात नेमकं उलटं आहे. 'स्टेअर्ड ब्लँकली ॲट द वॉल' मध्ये मात्र हा न कळण्याचा अर्थ मागे पडतो, कारण भिंतीने काही विचारलेलं नसतं. म्हणजे कर्म माणूस असेल तर एक अर्थ, वस्तू असेल तर दुसरा. हे कुठल्याही समानार्थी कोशात सापडत नाही. आणि 'माय माइंड वेंट ब्लँक' ही आणखी तिसरीच गोष्ट, ऐन वेळी काही न आठवणं. आपल्याकडे 'मी एकदम ब्लँक झालो' म्हणतात ते इथूनच आलेलं.

'ग्लासी' शरीराचा शब्द आहे. ताप, दारू, भूल, जबर धक्का. डोळ्यांवर काचेसारखी चमक, पण हालचाल नाही. वाचक लगेच शारीरिक कारण शोधायला लागतो. त्याचा चुलतभाऊ 'ग्लेझ्ड'. त्यात 'हिज आईज ग्लेझ्ड ओव्हर' हा प्रयोग तर जवळजवळ पूर्णपणे कंटाळ्याच्या मालकीचा झालाय. कुणी करप्रणाली समजावून सांगायला लागलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांचं जे होतं, ते. बहिणीच्या बोलण्यासमोर भावाचे डोळे 'ग्लेझ्ड ओव्हर' झाले असं लिहिलंत, तर वाचक म्हणेल, बहीण बोअर करतेय. सगळा प्रसंग एका क्रियापदाने पालथा पडेल. रात्र जागून तारवटलेले डोळे हवे असतील तर त्यांना 'ब्लिअरी' म्हणतात. तो वेगळा कप्पा आहे.

हळव्या बाजूचे शब्द पटकन सांगते, कारण ते तुम्हाला या कथेत लागणार नाहीत. 'फारअवे लुक' म्हणजे मन दूरच्या जागी किंवा जुन्या काळात गेलंय, आणि तिथे बहुधा सुखात आहे. 'अ फारअवे लुक केम इन्टू हर आईज' असा तो डोळ्यांत 'येतो'. 'विस्टफुल' मध्ये हुरहुर आहे, जे मिळणार नाही त्याची. 'पेन्सिव्ह' गंभीर विचाराचा, किंचित उदास. 'ड्रीमी' गोड आणि थोडा बालिश. 'डिस्टंट' जपून वापरा. 'अ डिस्टंट लुक' म्हणजे विचारात हरवलेली नजर, पण 'शी हॅज बीन डिस्टंट' म्हटलं की नात्यात दुरावा आला. नवराबायकोच्या कथेत या एका शब्दाने घटस्फोटाची चाहूल लागते.

'थाउझंड-यार्ड स्टेअर' हल्ली इंटरनेटवर सोमवारी सकाळच्या कंटाळ्यालाही लावतात. विनोदात ठीक आहे. पण त्याचं मूळ युद्धात आहे. अमेरिकी चित्रकार टॉम ली याने दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटावरच्या लढाईतल्या एका सैनिकाचा चेहरा १९४४ मध्ये रंगवला आणि १९४५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने तो छापला. चित्राच्या नावात तर दोन हजार यार्डांची नजर आहे. हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. समोर उभ्या माणसाच्या पलीकडे, खूप दूर बघणारे, जे पाहिलं त्याने थिजलेले डोळे. नोकरी जाणं हा मोठा धक्का आहे हे मान्य, पण गंभीर कथेत हा शब्द आला की वाचक पात्राचा भूतकाळ धुंडाळायला लागतो.

आणखी एक मोठा सापळा शब्दशः भाषांतराचा. 'तो मनाने तिथे नव्हता' याचं 'ही वॉज नॉट ऑल देअर' करू नका. त्याचा अर्थ 'त्याचं डोकं जरा कमीच आहे' असा होतो. 'ही वॉजन्ट रिअली देअर' चालेल. एका 'ऑल' ने एवढा फरक पडतो. तसंच 'ही लुक्ड लॉस्ट' म्हणजे भांबावलेला, काय करावं ते न सुचणारा. विचारात हरवलेला हवा तर 'लॉस्ट इन थॉट' पूर्ण लिहावं लागतं. 'वाँडरिंग आय' म्हणजे भटकणारी नजर खरी, पण ती परस्त्रीकडे किंवा परपुरुषाकडे भटकते. 'हर गेझ वाँडर्ड' निर्दोष आहे. 'शी लुक्ड राइट थ्रू मी' म्हणजे तिने मला बघून न बघितल्यासारखं केलं, मुद्दाम. तंद्री लागल्यामुळे दिसलं नाही असं म्हणायचं असेल तर 'पास्ट मी' सुरक्षित. 'पोकर फेस' आणि 'डेडपॅन' तर या घरातलेच नव्हेत. तिथे माणूस पूर्ण शुद्धीत राहून चेहरा कोरा ठेवत असतो.

'अनसीइंग' आणि 'अनफोकस्ड' हे दोन मला विशेष आवडतात, कारण ते निकाल देत नाहीत. डोळे उघडे आहेत, दिसत काही नाही, एवढंच म्हणतात. कारण वाचकावर सोडतात. आपल्या 'शून्यात नजर' ला मोकळेपणाच्या बाबतीत सगळ्यात जवळ हेच दोन येतात. तरी 'अनसीइंग' थोडा वाङ्मयीन आहे, एका कथेत दोनदा आला की लक्षात येतो.

विशेषणांपेक्षा क्रियापद आणि त्यामागचं शब्दयोगी अव्यय जास्त काम करतं, हे मात्र मराठीतून इंग्रजीत जाणारे बरेच जण विसरतात. आपल्याकडे 'बघत होता' वर सगळं भागतं. इंग्रजीत 'स्टेअर' म्हणजे रोखून, न हलता बघणं. कुणा माणसाकडे असेल तर उद्धटपणाही. 'गेझ' लांबलचक पण मऊ, त्यात ओढ किंवा कौतुक असतं. त्यामुळे 'गेझ्ड ॲट हर' म्हटलं की भाऊ बहिणीच्या रूपावर लुब्ध झाल्यासारखा वाटतो. 'गेझ' हे नाम म्हणून तितकं गोड नाही, 'हिज गेझ ड्रिफ्टेड टू द विंडो' बिनधास्त लिहा. आता अव्यय बदलून बघा. 'स्टेअर्ड ॲट' मध्ये लक्ष आहे. 'स्टेअर्ड इन्टू स्पेस' मध्ये लक्ष गेलं. 'स्टेअर्ड आउट ऑफ द विंडो' मध्ये तो बाहेर काही बघतोय की नाही हे मोकळं राहिलं. विशेषण एकही न लावता तीन वेगळी माणसं तयार झाली. म्हणून 'स्टेअर्ड ॲबसेंटली इन्टू स्पेस' मध्ये 'ॲबसेंटली' फुकट गेलं, 'इन्टू स्पेस' ने ते आधीच सांगितलंय.

'इन्टू द मिडल डिस्टन्स' हाही प्रयोग तुम्हाला भेटेल. चित्रकलेतला शब्द आहे. चित्रातल्या अगदी पुढच्या वस्तू आणि मागची पार्श्वभूमी यांच्या मधला पट्टा. धावण्याच्या शर्यतींतही हाच शब्द मध्यम पल्ल्याला, म्हणजे ८०० आणि १५०० मीटरसारख्या शर्यतींना वापरतात, त्यामुळे यांत्रिक भाषांतर इथे भलतीकडे पळतं. हल्ली या प्रयोगात थोडी थट्टा आलीय. फोटोसाठी मुद्दाम गहन चेहरा करून बसलेल्याला तो लावतात.

बोलीतले 'झोन्ड आउट' आणि 'स्पेस्ड आउट' संवादात छान, निवेदनात निवेदकाच्या वयावर अवलंबून. 'स्पेस्ड आउट' ला नशेचा जुना वास आहे, 'झोन्ड आउट' ला तितका नाही. 'वूलगॅदरिंग' हा जुना शब्द मेंढ्यांची झुडपांना अडकलेली लोकर वेचत हिंडण्यावरून आला. ऐकायला गोड, पण आजच्या तरुण पात्राच्या तोंडी शोभत नाही.

आता तुमचं वाक्य. प्रसंग बहिणीच्या बाजूने लिहिलाय, आणि तिचा भावावर जीव आहे. म्हणून 'व्हेकंट' बाद. तिला कारण माहीत नाही, म्हणून 'प्रीऑक्युपाइड' सुद्धा निवेदनात नको. तो निष्कर्ष तिने काढायचा आहे, तुम्ही आधीच हातात द्यायचा नाही. ताप नाही, म्हणून 'ग्लासी' बाद. उरलं काय? जे तिला दिसतंय ते. मी असं करून बघेन: 'ही केप्ट हिज आईज ऑन हर फेस.' त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावरच होते. पुढे: 'व्हेन शी लाफ्ड, ही स्माइल्ड, अ बीट टू लेट.' ती हसली तेव्हा तोही हसला, क्षणभर उशिरा. नजरेला एकही विशेषण नाही, तरी भाऊ तिथे नाही हे कळलं. तो उशीरच सगळं सांगून जातो. लक्ष नसलेल्या माणसाची हीच खूण असते: प्रतिक्रिया योग्य, वेळ चुकलेली. अशा खुणा गोळा करून ठेवा. दोनपैकी एक निवडायला सांगितलं की 'हो' म्हणणारा. साखर कधीच विरघळलीय तरी चमचा फिरवत राहणारा. पुस्तक उघडं, पान तेच. इथे 'ॲबसेंटली' हाताला लावा आणि डोळ्यांना मोकळं सोडा: 'ही स्टर्ड हिज टी ॲबसेंटली.'

एखादं विशेषण हवंच असेल, तर नंतरच्या क्षणासाठी राखून ठेवा, जेव्हा बहिणीला संशय येतो. तिथे 'हिज आईज वेअर अनफोकस्ड' हे तीच बघतेय म्हणून पटतं. आणि डोळे स्वतःहून फार फिरवू नका. 'हिज आईज फेल टू द फ्लोअर' वाचून इंग्रजी संपादक डोळे जमिनीवरून उचलून ठेवायची थट्टा करतात. 'गेझ' पडली तर कुणी हसत नाही.

राहिला 'कुठे हरवलास?' शब्दाला शब्द ठेवून 'वेअर आर यू लॉस्ट?' केलंत तर ती रस्ता चुकलेल्याला पत्ता विचारतेय असं वाटेल. ब्रिटिश वळणाच्या घरात 'यू आर माइल्स अवे' अगदी चपखल. अमेरिकी वळण आणि थट्टेचा सूर हवा असेल तर 'अर्थ टू' म्हणून पुढे भावाचं नाव, जणू पृथ्वीवरून अंतराळवीराला हाक मारतेय. 'अ पेनी फॉर युअर थॉट्स' ही म्हण जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणसंग्रहात आहे आणि तिचं वय आता ऐकू येतं. आजीच्या तोंडी चालेल. तुमची बहीण कॉलेजला निघालेली आहे, ती बहुधा नुसतं 'यू आर नॉट लिसनिंग' म्हणेल.

भावाच्या उत्तराकडे जरा लक्ष द्या. 'सॉरी, आय वॉज माइल्स अवे' हे ठरलेलं उत्तर आहे, पण त्यात कबुली आहे, आणि तुमचा भाऊ लपवतोय. त्याला 'आय ॲम' म्हणू द्या, आणि लगेच कॉलेजबद्दल असा प्रश्न विचारू द्या ज्याचं उत्तर बहिणीने दोन वाक्यांपूर्वीच दिलेलं आहे.